शंका-समाधान : हिस्टामिनच्या पथ्यात कोथिंबीर-पुदिना चालेल का?

मिरा रोड, भाईंदर आणि उत्तनहून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय फिरून फिरून आला आहे. अंगावर पित्त उठतं, डोकं धरतं, जेवल्यावर चेहरा लालबुंद होतो. मग कुणीतरी ‘लो-हिस्टामिन’ आहार सुचवतं, यादी हातात पडते आणि पहिली कुऱ्हाड पडते ती घरातल्या हिरव्या पाल्यावर. त्यातली काही पत्रं निवडून सविस्तर उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ४१. गेलं वर्षभर अंगावर गांधी उठतात. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळी दिली आहे, ती घेतली की बरं वाटतं. नणंदेनं एका परदेशी यादीची प्रिंट दिली, तेव्हापासून टोमॅटो, वांगं, पालक, दही, लोणचं, डाळी, लिंबू सगळं बंद केलं. आता शेजारीण म्हणते, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ताही सोड. मग जेवणाला चव आणायची कशानं? आठ महिन्यांत माझं वजन सहा किलोनं उतरलं आहे. (गृहिणी, मिरा रोड पूर्व)

उत्तर : ताई, कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ता आजच्या स्वयंपाकापासून सुरू करा. सोबत तुळस, गवती चहा, पत्ता ओवा, शेपू, मेथी, कांद्याची पात, हळदीचं पान हेही घ्या. ताज्या पाल्यात हिस्टामिन नगण्य असतं, आणि ते का हे समजलं की यादी हातात धरायची गरजच उरणार नाही.

हिस्टामिन अन्नात तयार होतं ते बहुतेक वेळा जिवाणूंमुळे. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही जिवाणू त्याचं रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. म्हणजे ते तयार व्हायला तीन गोष्टी लागतात : भरपूर प्रथिन, जिवाणू, आणि त्यांना काम करायला ऊब व वेळ. बांगड्यात शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिन असतं, कोथिंबिरीत जेमतेम तीन-चार. त्यातही तुम्ही आमटीवर भुरभुरता ती कोथिंबीर पाच-दहा ग्रॅम. ताजी, खुडून लगेच वापरलेली पानं तुमच्या अंगावर गांधी उठवतील एवढं हिस्टामिन देऊच शकत नाहीत. ज्यात ते खरोखर साठतं ते पदार्थ म्हणजे बर्फाविना राहिलेले मासे, मुरवलेलं चीज, आंबवलेले सोयाचे सॉस, वाईन, मुरवून टिकवलेलं मांस.

पालक आणि वांगं यांची गोष्ट थोडी निराळी आहे. पालकाच्या जुडीत साठवणीच्या काळात जिवाणू हिस्टामिन तयार करतात, हे स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. वांग्यात ते मुळातच काही प्रमाणात असतं. वांग्यानं खाज येते हा आपल्याकडचा जुना अनुभव म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिला. त्यांच्या २००८ च्या पाहणीत ७४१ जणांपैकी सुमारे नऊ टक्के लोकांनी वांगं बाधतं असं सांगितलं. तपासणीत खरी अ‍ॅलर्जी सिद्ध झालेले मात्र त्याहून फारच कमी निघाले. त्रास खरा असतो, पण त्याचं कारण दर वेळी अ‍ॅलर्जीच असतं असं नाही.

आता तुमच्या यादीबद्दल. अशा याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दहा वेगवेगळ्या कमी-हिस्टामिन आहारांची तुलना केली, तेव्हा जवळपास सगळ्यांत सारखे वर्ज्य निघाले ते फक्त आंबवलेले पदार्थ. वर्ज्य ठरवलेल्या पदार्थांपैकी जेमतेम एक-तृतीयांश पदार्थांत हिस्टामिन जास्त असल्याचं आढळलं. लिंबू, स्ट्रॉबेरी, शेंगदाणे हे पदार्थ शरीरातलं हिस्टामिन ‘मोकळं करतात’ म्हणून यादीत बसवले जातात. त्याला माणसांवरच्या अभ्यासाचा भक्कम आधार नाही.

मला काळजी वाटते ती तुमच्या सहा किलोंची. हा आहार आयुष्यभर करायचा नसतोच. जर्मन भाषिक देशांतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत कडक पथ्य फक्त दहा ते चौदा दिवसांचं आहे. तेवढ्यात स्पष्ट फरक पडला, तर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा आणि बाधेल तेवढाच सोडायचा. फरक पडला नाही, तर पथ्य बंद करून कारण दुसरीकडे शोधायचं. आठ महिने डाळीविना काढणं हा उपचार नव्हे. या आठवड्यात मुगाची आणि तुरीची डाळ सुरू करा, तीन दिवसांनी टोमॅटो, मग लिंबू. रोजच्या वहीत काय खाल्लं, किती वाजता, आणि गांधी उठल्या तर किती वेळानं, एवढंच लिहा. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं सोडू नका. दीर्घकाळच्या गांधींवर मुख्य उपचार तीच आहे. आणि प्रयोगशाळेत दोनशे पदार्थांची ‘आयजीजी’ तपासणी करा असं कुणी सुचवलं, तर पैसे घालवू नका. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच ती तपासणी निदानासाठी करू नये असं सांगितलं आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही उत्तनचे, घरची होडी आहे. नवऱ्याला टीबी झाला, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होऊन दोन महिने झाले. परवा बांगड्याचं कालवण केलं, कोथिंबीर-लसूण-मिरचीचं हिरवं वाटण लावून. जेवून अर्धा तास झाला नाही तोच तोंड-मान लाल, छातीत धडधड, डोकं ठणकायला लागलं. सासूबाई म्हणतात कोथिंबीर बाधली. पण त्याच वाटणाचं पापलेट आदल्या आठवड्यात खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं. बांगडे आदल्या दिवशी दुपारचे होते, आम्हा बाकीच्यांना काहीच झालं नाही. गोळ्यांनी असं होतं का? बंद कराव्यात का? (उत्तन)

उत्तर : ताई, आधी सर्वात महत्त्वाचं : गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो.

तुम्ही पापलेटची आठवण ठेवलीत, ते फार चांगलं केलंत. वाटण तेच, मासा बदलला आणि त्रास झाला. म्हणजे कोथिंबीर सुटली. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. पकडल्यावर ते उन्हात किंवा पुरेशा बर्फाविना राहिले की कल्ल्यांतले आणि पोटातले जिवाणू त्याचं हिस्टामिन करू लागतात. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. नीट न ठेवलेल्या माशात ते हजाराच्या वर जातं. मासा दिसायला चांगला असतो, वासही येत नाही. कितीही उकळलं, तळलं तरी हिस्टामिन नष्ट होत नाही. माशाला कोकम लावलं, मीठ लावलं, त्यानंही आधी झालेलं हिस्टामिन जात नाही.

मग बाकीच्यांना काही का झालं नाही? आपल्या आतड्यात डीएओ नावाचं एन्झाइम असतं. खाण्यातलं थोडंफार हिस्टामिन ते तिथल्या तिथे निकामी करतं. तुमच्या मिस्टरांच्या गोळ्यांत आयसोनियाझिड आहे, आणि ते औषध याच एन्झाइमला अडवतं. त्यामुळे जे हिस्टामिन तुम्हा सगळ्यांना पचलं, ते त्यांना बाधलं. ही गोष्ट प्रथम आपल्या शेजारीच नीट नोंदली गेली. श्रीलंकेतल्या उरगोडा आणि कोट्टेगोडा या डॉक्टरांनी १९७७ मध्ये आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांना कुप्याच्या जातीचे मासे खाल्ल्यावर अगदी असाच त्रास होत असल्याचं प्रसिद्ध केलं. किनारपट्टीवरच्या प्रत्येक टीबी रुग्णाला गोळ्यांच्या पहिल्या दिवशी ही माहिती मिळाली पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. नाहीतर माणूस औषधाला घाबरून औषधच सोडतो.

आयसोनियाझिड उपचाराचे सहाही महिने असतं. तोवर त्यांना बांगडा, तारली, सुरमई, कुपा नको. सुका बांगडा तर नकोच. वलांडीवरचे बोंबीलही सध्या कमी करा. सुक्या मासळीत ती किती झपाट्यानं वाळली यावर सगळं अवलंबून असतं आणि ते खाणाऱ्याला कळत नाही. मासे मात्र पूर्ण तोडू नका, टीबीत प्रथिनांची गरज वाढलेली असते. त्याच दिवशी होडीतून उतरलेलं पापलेट, रावस द्या. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत अंडी, डाळी, ताजी कोंबडी. होडीवर जितका मासा तितका बर्फ, आणि कल्ले-पोट लवकर काढणं, एवढं सांभाळलं तर घरातल्या सगळ्यांचंच भलं आहे. उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी त्यांना वाढू नका. तुमचं हिरवं वाटण मात्र खुशाल चालू ठेवा, फक्त रोजच्या रोज वाटा.

दवाखान्यात पुढच्या वेळी हा प्रसंग जसा मला लिहिलात तसाच सांगा. परत असं झालं आणि सोबत दम लागला, जीभ-ओठ सुजले किंवा भोवळ आली, तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अंधेरीला नोकरी करते, घरी यायला आठ वाजतात. भाईंदर स्टेशनबाहेर त्या वेळी मिळते ती कोथिंबीर दिवसभराची असते. रविवारी आठवड्याची हिरवी चटणी करून ठेवते, दही-लिंबू-शेंगदाणे घालून. कोथिंबीर वडीचे उंडेही उकडून ठेवते. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी दोन आठवडे कमी हिस्टामिनचं पथ्य सांगितलं आहे. यातलं काय चालेल? (भाईंदर पूर्व)

उत्तर : ताई, डॉक्टरांनी दोन आठवडेच सांगितलं आहे, म्हणजे योग्य माणसाच्या हातात आहात. चटणीच करायची, पण या दोन आठवड्यांत आठवड्याची नको. वाटलेला पाला म्हणजे फुटलेल्या पेशी, बाहेर आलेलं पाणी आणि जिवाणूंना मोकळं रान; त्यात दही पडलं की आंबवलेला पदार्थच झाला. दही काढा. शेंगदाण्यांऐवजी ओलं खोबरं किंवा पंढरपुरी डाळं घ्या. आंबटाला कैरीच्या दिवसांत कैरी. ती नसेल तर या पंधरवड्यात आंबट न घालताही आलं आणि थोडी साखर घालून चटणी चांगली लागते. लिंबू नंतर सर्वात आधी परत आणून पाहा, बहुतेकांना ते चालतं.

वेळ वाचवायचा तर फ्रीजपेक्षा फ्रीझर वापरा. रविवारी सकाळी कोथिंबीर-आलं-मिरचीचं कोरडं वाटण करा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून लगेच गोठवा. रोज लागतील तेवढेच खडे काढा, सरळ कढईत टाका किंवा खोबऱ्यासोबत फिरवा. गोठवल्यानं जिवाणूंचं काम थांबतं. मात्र आधी तयार झालेलं हिस्टामिन थंडीनं जात नाही, म्हणून वाटण ताज्या पाल्याचंच हवं. शिळ्या कोथिंबिरीचं गोठवलेलं वाटण शिळंच राहतं.

पाला घेण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरं काम इथेच आहे. जमलं तर सकाळी घ्या. वसईच्या भाजीवाल्या पहाटेच्या गाड्यांनी पाटी घेऊन येतात, राई-मुर्ध्याकडचीही काही भाजी येते. घरातल्या कुणाला, किंवा शेजारच्या आजींना, सकाळी जुडी आणायला सांगता येईल. संध्याकाळी घ्यावीच लागली, तर ओल्या गोणपाटाखालची, वरून पाणी मारून टवटवीत केलेली जुडी उलटून मधली पानं बघा. मधे चिकट, काळपट, कुबट वास असेल तर परत ठेवा. घरी आल्यावर धुऊन ठेवू नका. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस सहज टिकते. वापरायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा. रुळांच्या कडेला गढूळ पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीची भीती तुम्हाला वाटत असेल, तर ती रास्त आहे. पण तो धोका पोट बिघडण्याचा आहे, हिस्टामिनचा नव्हे. शंका असेल तेव्हा कच्ची चटणी टाळा, पाला फोडणीत शिजवा.

खिडकीत उजेड असेल तर पुदिना, पत्ता ओवा आणि गवती चहा कुंडीत लावा. तिन्ही फारशी निगा मागत नाहीत आणि मिरा-भाईंदरच्या दमट हवेत भराभर वाढतात. झाडावरून खुडून सरळ पातेल्यात, यापेक्षा कमी हिस्टामिन कुठल्याच पाल्यात मिळणार नाही.

वडीचे उंडे शुक्रवारपर्यंत फ्रीजमध्ये नकोत. उकडल्यावर गार होताच कापून गोठवा. आणि सकाळी डोसा-इडलीची सवय असेल तर हे दोन आठवडे तांदळाच्या पिठाचं घावन करा. पीठ आंबवावं लागत नाही, त्यात भरपूर कोथिंबीर घालता येते.

प्रश्न : कच्ची कोथिंबीर खाल्ली की पाच मिनिटांत ओठ आणि टाळू खाजते. शेपूनेही तसंच, कच्च्या गाजरानेही. शिजवलं की काही होत नाही. हे हिस्टामिनच ना? (कॉलेज विद्यार्थी, भाईंदर पश्चिम)

उत्तर : नाही, हे बहुधा वेगळं आहे. कोथिंबीर, शेपू, गाजर, ओवा, जिरं, बडीशेप ही सगळी एकाच कुळातली. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना या कुळातल्या कच्च्या पदार्थांनी तोंडाला खाज येते, कारण परागातली आणि या पाल्यातली काही प्रथिनं सारखी असतात. शिजवल्यावर ती प्रथिनं मोडतात, म्हणून शिजवलेलं चालतं. हिस्टामिन असतं तर शिजवूनही त्रास झाला असता. तुला कमी हिस्टामिनचा आहार करायची गरज दिसत नाही. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेवरची तपासणी करून घे. तिच्या आधी सिट्रिझिनसारखी गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, किती दिवस ते तेच सांगतील. तोवर कच्ची कोथिंबीर बंद. पुदिना आणि तुळस दुसऱ्या कुळातल्या आहेत, त्या चालायला हरकत नाही. एक लक्षात ठेव : मसाल्याच्या अ‍ॅलर्जीत काहींना जिऱ्या-धण्याची पूडही बाधते. कधी घसा आवळल्यासारखा झाला, तर तो खाजेचा प्रकार समजून वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

प्रश्न : आम्ही जैन. माझं माहेर सांगलीचं, सासर भाईंदरचं. आमच्याकडे चातुर्मासात हिरवा पाला घरात येत नाही, आलं-लसूण-कांदा तर कधीच नाही. मायग्रेनसाठी मला कमी हिस्टामिनचा आहार सांगितला आहे आणि सोबत रोज ताजे ‘हर्ब्ज’ खा असंही. व्रत मोडावं लागेल का? (भाईंदर पश्चिम)

उत्तर : मुळीच नाही. ताजा पाला या पथ्यात चालतो एवढंच, तो औषध नाही. कोथिंबिरीत किंवा तुळशीत हिस्टामिन कमी करणारं काही असल्याचे दावे मुख्यतः काचेच्या नळीतल्या पेशींवरच्या प्रयोगांतून आले आहेत. ताटातल्या दोन चमचे पाल्यानं मायग्रेन थांबतं असं त्यावरून म्हणता येत नाही. चार महिने धणे, जिरं, वेलची, हळद यांवर चव सांभाळा. व्रताच्या दृष्टीनं तुमचा स्वयंपाक सूर्यास्ताआधीचा आणि त्याच दिवशीचा असतो, शिळं राहतच नाही. कमी हिस्टामिनच्या आहाराचा सर्वात मोठा भाग तुमच्या घरात आधीच पाळला जातो. तपासायचं ते टिकवलेल्या जिन्नसांत : लोणची, बाजारचे सॉस, चीज आणि आंबवलेली पिठं. पर्युषणात उपवास असतील तर मायग्रेनच्या दृष्टीनं पोट फार वेळ रिकामं राहणं हेच मोठं कारण ठरू शकतं. उपवासाआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न : वय ६८, हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे. अंगाला खाज सुटते म्हणून एका परिचितांनी रोज सकाळी कोथिंबीर-पुदिन्याचा ग्लासभर रस सुचवला, हिस्टामिन धुऊन निघतं म्हणाले. महिनाभर घेतो आहे. पुदिन्यानं छातीत जळजळही होते. (ज्येष्ठ नागरिक, मिरा रोड)

उत्तर : काका, तो रस आजपासून थांबवा, आणि थांबवल्याचं तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच कळवा. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन ‘के’ भरपूर असतं आणि ते वॉरफेरिनच्या नेमकं विरुद्ध काम करतं. भाजीत, आमटीत रोज साधारण सारखी कोथिंबीर पडत असेल तर डॉक्टर त्या हिशोबानं गोळीचा डोस बसवतात. ग्लासभर रस अचानक सुरू केला की गोळीचा परिणाम उतरतो आणि कृत्रिम झडपेवर गाठ धरण्याचा धोका वाढतो. तो अचानक बंद केला की उलट रक्त जास्त पातळ होऊ शकतं. म्हणून दोन्ही वेळा तपासणी लागते. हिस्टामिन रसानं धुऊन निघत नाही. जळजळीचं कारणही पुदिनाच असावा : अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू त्यानं सैल पडतो आणि आम्ल वर येतं. अंगाला खाज येण्याची कारणं या वयात कोरडी त्वचा, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, एखादं औषध अशी बरीच असतात. ती रक्त तपासून शोधावी लागतील.

रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआरची तपासणी या दोन-तीन दिवसांतच करून घ्या आणि पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. जाताना रोज किती रस घेत होतात आणि कोणत्या तारखेला थांबवलात हे कागदावर लिहून न्या. मधल्या काळात हिरड्यांतून रक्त, काळी शी, किंवा अचानक एका बाजूला हात-पाय जड वाटले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.